नवीन मॉडेल इयरची गाडी येतेय म्हणे. थांबावं का?

नितळ (धागालेखक)

जुनी गाडी अजून चालतेय, पण हल्ली चालवताना प्रत्येक आवाजाकडे कान असतो. क्लच जड झालाय, टायरची नक्षी संपत आलीय आणि पुढच्या सर्व्हिसिंगला सस्पेन्शनचंही बघावं लागेल असं मेकॅनिकने सांगून ठेवलंय. त्यामुळे नवी घ्यायची हे नक्की. मॉडेलही ठरलंय: मध्यम आकाराची पेट्रोल एसयूव्ही. चालवून पाहिली, घरच्यांना आवडली, मागे बसणाऱ्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत नाहीत. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

अडलंय ते इथे. सेल्समन आधी म्हणाला, हीच घ्या, उत्तम गाडी आहे. निघताना हळूच म्हणाला, "तीन-चार महिन्यांत पुढच्या मॉडेल इयरची येईल, पण फारसा फरक नसेल." यार्डात आत्ताच्या मॉडेलच्या दोन गाड्या पडून आहेत, त्यावर बऱ्यापैकी सूट देतोय. फरक नसेल तर सूट कशाला, आणि सूट आहे तर फरक किती? थांबलो तर काय पदरात पडेल आणि नाही थांबलो तर काय हुकेल, जाणकारांनी सांगावं.

झटपटराव

घेऊन टाका हो. चार महिन्यांनी नवी येईल, तेव्हा कोणीतरी तिच्याही पुढची येतेय म्हणून सांगेल. तोवर तुमचा क्लच जाईल.

स्पॅनर

नितळ, आधी मला सांगा, येतंय ते नक्की काय येतंय? "नवीन मॉडेल इयर" या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

कधीकधी फक्त वर्षाचा आकडा बदलतो. गाडी तीच, फार तर एखादा नवा रंग आणि वरच्या व्हेरियंटमधलं एखादं फीचर खालच्यात. त्यासाठी एक दिवससुद्धा थांबू नये. दुसरं फेसलिफ्ट. बंपर, दिवे, आतला स्क्रीन, कधी नवा गिअरबॉक्स, पण खालचा सांगाडा तोच. तिसरं म्हणजे पूर्ण नवी पिढी. साधारण पाच ते सात वर्षांनी पिढी बदलते आणि फेसलिफ्ट मध्यावर कधीतरी येतं. तुमचं मॉडेल बाजारात येऊन किती वर्षं झाली ते बघा, अर्धा अंदाज तिथेच लागेल.

आता धंद्यातलं सांगतो. नव्या पिढीची पहिली गाडी आमच्या लिफ्टवर चढते तेव्हा आम्हीही ती पहिल्यांदाच उघडत असतो. कुठला क्लिप आधी काढायचा, कुठला ओढला की तुटतो हे पहिल्या दहा-वीस गाड्यांनंतर हाताला कळतं. कंपनीची दुरुस्तीपत्रकंही त्याच सुमाराला यायला लागतात. पार्टचं तर विचारूच नका. जुन्या मॉडेलचा हेडलॅम्प दुसऱ्या दिवशी येतो, नव्याचा कधी येईल ते कंपनीलाही सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. टोयोटाने 'बीझेडफोरएक्स' ही इलेक्ट्रिक गाडी २०२२ साली आणली आणि त्याच वर्षी जूनमध्ये, चाकाचे बोल्ट सैल होऊ शकतात म्हणून जवळजवळ २,७०० गाड्या परत बोलावल्या. शेव्हरोलेच्या 'ब्लेझर ईव्ही'ची विक्री डिसेंबर २०२३ मध्ये सॉफ्टवेअरच्या गोंधळामुळे थांबवली, ती मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आणि गंमत अशी की पुन्हा सुरू झाली तेव्हा किंमत कमी होती. म्हणजे घाई करणाऱ्यांना दोन्हीकडून फटका.

तिरकस

म्हणजे पहिल्या वर्षी कोणीच घेऊ नये? मग दुसरं वर्ष उजाडणार कसं?

स्पॅनर

@तिरकस, घेणारे असतात हो. त्यांच्यामुळेच आमच्या ज्ञानात भर पडते. नितळ यांनी ती समाजसेवा करावी का, एवढाच प्रश्न आहे.

मीरा_क

स्पॅनरकाकांशी अर्धीच सहमत. त्यांची उदाहरणं नव्या कोऱ्या गाड्यांची आहेत. फेसलिफ्टचं गणित वेगळं असतं. तिथे इंजिन, सांगाडा, ब्रेक सगळं वापरून सिद्ध झालेलं असतं आणि लोकांनी ज्यावर तक्रारी केल्या तेवढंच बदललेलं असतं. काही वेळा तर फेसलिफ्टनंतरची गाडी त्या पिढीतली सगळ्यात चांगली असते.

ह्युंदाईची 'आयोनिक फाइव्ह' बघा. आली तेव्हा मागच्या काचेला वायपरच नव्हता. कंपनीचं म्हणणं की हवेच्या झोतानेच काच साफ राहते. मालकांचं म्हणणं की राहत नाही. फेसलिफ्टमध्ये वायपर आला. सोबत बॅटरी ७७.४ वरून ८४ किलोवॅट-अवर झाली, आणि अमेरिकेत २०२५ च्या मॉडेलला टेस्लाच्या पद्धतीचा चार्जिंग सॉकेट थेट गाडीतच मिळाला. तिथे आदल्या वर्षी घेणाऱ्याला ॲडॅप्टर बाळगावा लागतो. सॉकेट काही मागाहून बदलून मिळत नाही.

माझी कसोटी हीच. नव्या गाडीत येणारी गोष्ट मागाहून बसवता येते का? सीट कव्हर, कॅमेरा, बऱ्याच वेळा स्क्रीनसुद्धा बसवता येतो. जादा एअरबॅग, मोठी बॅटरी, वेगळा गिअरबॉक्स बसवता येत नाही. दुसऱ्या प्रकारातलं काही येणार असेल आणि ते तुम्हाला हवं असेल तरच थांबायला अर्थ आहे.

झटपटराव

"आणि ते तुम्हाला हवं असेल" हे ठळक अक्षरात लिहा. बाकी +१.

उनाडक्या

सगळे असं धरून चाललेत की नव्या गाडीत काहीतरी *येतं*. जातंही! २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा झाला तेव्हा जनरल मोटर्सने अनेक मॉडेलांतून गरम होणाऱ्या सीट काढून टाकल्या, बीएमडब्ल्यूने काही गाड्यांत स्क्रीनचा टच काढला. टेस्लाने २०२२ च्या अखेरीपासून बंपरमधले पार्किंगचे अल्ट्रासॉनिक सेन्सर काढायला घेतले आणि सुरुवातीला काही काळ त्या गाड्यांत पार्किंगला मदत करणारी सोय बंदच होती. पुढे बदललेल्या मॉडेल थ्रीमध्ये तर इंडिकेटरची दांडी जाऊन स्टिअरिंगवर बटणं आली. गोल चौकात स्टिअरिंग अर्धं फिरलेलं असताना ते बटण शोधून दाखवा.

फेसलिफ्टमध्ये पहिली कुऱ्हाड पडते ती एसीच्या गोल बटणांवर. स्क्रीन मोठा केला की बटणं त्याच्या पोटात जातात. कंपनीला स्वस्त पडतं, ब्रोशरमध्ये फोटो झकास येतो. आणि तुम्ही रात्री पावसात, काचेवर वाफ धरलेली असताना, रस्त्यावरची नजर काढून मेनू उघडत बसता. गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने जानेवारी २०२६ पासून पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर यांना खरीखुरी बटणं किंवा दांड्या हव्यात असं ठरवलं, ते उगाच नाही. पण त्या यादीत एसी नाही, हे लक्षात घ्या.

जुनापुराणा

अवांतर होईल, पण राहवत नाही. दरवर्षी नवं मॉडेल ही गाडीची गरज कधीच नव्हती, ती विक्रीची गरज होती. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत चालली, दीड कोटीच्या वर गाड्या झाल्या. बारीकसारीक बदल होत राहिले, गाडी तीच राहिली. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने उलटा डाव टाकला. दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी ठणठणीत असूनही मालकाला ती जुनी वाटली पाहिजे. १९२७ च्या मे महिन्यात फोर्डने मॉडेल टी बंद केली, नवी मॉडेल ए डिसेंबरमध्ये आली. मधले महिने कारखाने बदलण्यात गेले आणि शेव्हरोले विक्रीत पुढे निघून गेली. नितळ, तुम्हाला आज जे वाटतंय ना, ते वाटावं म्हणूनच ही व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी उभी केली गेली.

आणि "मॉडेल इयर" म्हणजे गाडी बनल्याचं साल नव्हे. अमेरिकेच्या नियमांत २०२६ चं मॉडेल २ जानेवारी २०२५ पासूनही बनवता येतं. अट एवढीच की त्या उत्पादनाच्या काळात १ जानेवारी २०२६ ही तारीख आली पाहिजे. त्यामुळे एकाच महिन्यात बनलेल्या दोन गाड्या दोन वेगळ्या मॉडेल इयरच्या असू शकतात.

नितळ

@जुनापुराणा, अवांतर अजिबात नाही, उलट यानेच डोकं थोडं थंड झालं. मग यार्डातली गाडी कधी बनली हे कळायचं कसं? सेल्समन "अगदी ताजी आहे" म्हणतो. भाजी विकतोय असं वाटतं.

जुनापुराणा

सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक बघा. विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवर किंवा चासीवर कोरलेला असतो. बऱ्याच कंपन्या त्यातलं दहावं अक्षर मॉडेल इयरसाठी वापरतात. 'आर' म्हणजे २०२४, 'एस' म्हणजे २०२५, 'टी' म्हणजे २०२६. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं व्हीआयएनमध्ये नसतातच, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. मात्र उत्तर अमेरिकेबाहेर सगळ्याच कंपन्या दहाव्या जागेचा हा संकेत पाळत नाहीत, त्यामुळे त्यावरच विसंबू नका. गाडी बनल्याचा महिना आणि साल दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असेल तर ते बघा, नसेल तर डीलरकडून लेखी घ्या.

स्पॅनर

त्याच्या जोडीला टायर बघा. टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३१२४ म्हणजे २०२४ चा ३१ वा आठवडा. टायर गाडीच्या आधी बनतो, पण नव्या गाडीत फार आधी नाही. चारही टायरवर बघा आणि स्टेपनीवरही. कोड काही वेळा एकाच बाजूला असतो, मग गाडीखाली वाकून टॉर्च मारावा लागतो. लाजू नका.

पडून राहिलेल्या गाडीचं आणखी थोडं. बारा व्होल्टची बॅटरी चालू गाडीपेक्षा पडून असलेल्या गाडीत लवकर मरते, कारण अलार्म आणि कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खात राहतात. ती एकदा पूर्ण उतरली की नंतर कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी राहत नाही. गाडी काही तास बंद असताना मीटर लावायला सांगा. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असली की १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ब्रेक डिस्कवर हलका तांबूस थर असला तर घाबरू नका, तो चार ब्रेकमध्ये निघून जातो. डिस्कच्या कडेला जाड पापुद्रे किंवा खड्डे असतील तर डिस्क बदलून मागा. एकाच जागी बरेच दिवस उभी राहिलेली गाडी चालवताना सुरुवातीला चाकातून धडधड जाणवते. टायर तापले की बहुतेक वेळा जाते, नाही गेली तर टायर गेला समजा.

आणि वॉरंटी कधीपासून सुरू होते ते लेखी घ्या. काही डीलर महिन्याचा आकडा गाठायला गाडी आधीच विकल्याची नोंद करून ठेवतात. तसं असेल तर तुमची वॉरंटी तुम्ही चावी घ्यायच्या आधीच धावायला लागलेली असते.

तिरकस

हा शेवटचा मुद्दा डीलरसमोर काढला की चहा मिळायचा बंद होईल.

हिशेबनीस

सूट आहे म्हणून खूश होण्याआधी ती कशाची आहे ते समजून घ्या. जुन्या मॉडेल इयरची गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा आधी साल विचारणार. फेसलिफ्ट झालेलं असेल तर चेहरा बघूनच "जुनं मॉडेल" म्हणणार. म्हणजे आज मिळणारी सूट ही पुढे होणाऱ्या घसाऱ्याचा काही भाग आगाऊ परत मिळाल्यासारखी आहे.

मग सगळं यावर येतं की गाडी किती वर्षं ठेवणार. तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याने सूट घसघशीत असल्याशिवाय जुनं मॉडेल इयर घेऊ नये, विकताना कमी किंमत येऊन ती सगळी हातची जाते. दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याला फिकीर नको. इतक्या जुन्या गाडीत एका वर्षाचा फरक कोणी धरत नाही, इंजिन आणि गंज बघतात.

थांबण्याचाही खर्च मांडा. क्लच आणि टायर आत्ता बदलले तर ते पैसे जुनी गाडी विकताना परत येत नाहीत. ही सूट तेव्हा नसेल, आणि नवं मॉडेल त्याच किमतीत येईल याची हमी कोणी देत नाही. शिवाय "तीन-चार महिने" ही कंपनीची घोषणा असते, तुमची डिलिव्हरी नव्हे. बहुतेक वेळा वरचे व्हेरियंट आधी बनतात आणि मधल्या व्हेरियंटवाल्यांची रांग पुढे सरकत राहते. नितळ, गाडी किती वर्षं ठेवता?

नितळ

हिशेबनीस, मोडेपर्यंत. आत्ताचीही पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

थोडं खणून काढलं. येतंय ते फेसलिफ्टच. दुसऱ्या देशांत ते आधीच दाखवलंय, फोटो आणि माहितीपत्रक दोन्ही मिळालं. इंजिन आणि गिअरबॉक्स तेच, एअरबॅगही तेवढ्याच. दिवे बदललेत, स्क्रीन मोठा झालाय. आणि उनाडक्या, तुमच्या तोंडात साखर पडो की काय म्हणू, एसीची गोल बटणं गेली! खाली एक गुळगुळीत पट्टी आहे, बोट घासून तापमान बदलायचं.

उनाडक्या

सांगितलं नव्हतं? त्या पट्टीला रात्री उजेड असतो का तेही बघा. एका कंपनीने सुरुवातीला तोही दिला नव्हता.

मीरा_क

मग माझ्या कसोटीनेही थांबायचं कारण उरलं नाही. फक्त एक गोष्ट तपासा: चालकाला मदत करणारी यंत्रणा. आपोआप ब्रेक लागणं, लेनबाहेर गेल्यावर इशारा. फेसलिफ्टमध्ये पुष्कळदा कॅमेरा-रडार नवं येतं आणि माहितीपत्रकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. युरोपात जुलै २०२४ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना अशा बऱ्याच गोष्टी सक्तीच्या झाल्या, त्यामुळे कंपन्यांनी त्या आसपासच्या फेसलिफ्टमध्ये घातल्या. ताऱ्यांवरही जाऊ नका, तारे कुठल्या वर्षीच्या चाचणीचे आहेत ते बघा. युरो एनकॅप निकष वेळोवेळी कडक करत असतं, आठ वर्षांपूर्वीचे पाच आणि आजचे पाच सारखे नाहीत.

नितळ

@मीरा_क, पाहिलं. आपोआप ब्रेक दोन्हींत आहे. नव्यात तो सायकलस्वारही ओळखतो, आत्ताच्यात गाड्या आणि पादचारी. हे वाचून जरा घुटमळलो, खरं सांगतो.

मीरा_क

घुटमळण्यासारखंच आहे. तुमचं बरंचसं ड्रायव्हिंग सायकली असलेल्या रस्त्यांवर, अंधारात होत असेल तर मी थांबले असते, बटणं गेली तरी. हायवेचं जास्त असेल तर नाही. हे तुम्हीच ठरवा.

झटपटराव

आता मीसुद्धा गप्प बसतो.

नितळ

सकाळी लवकर निघून रात्री परत, जवळजवळ सगळं हायवेवर. घरी बोलणं झालं, आत्ताचीच घ्यायची. यार्डातल्या दोन्ही गाड्या टॉर्च घेऊन बघितल्या. स्पॅनरकाका, वाकलो, पँट मळली. एकीचे टायर दुसरीपेक्षा बरेच जुने निघाले आणि डिस्कच्या कडेला पापुद्रे होते. सेल्समन त्याच गाडीवर जास्त सूट देत होता आणि रंगही तिचाच छान आहे. दुसरी करड्या रंगाची, स्टिकरवर अलीकडचा महिना, डिस्क साफ. बॅटरी मात्र १२.१ दाखवते. चार्ज करून देतो म्हणाला.

स्पॅनर

करडी घ्या. चार्ज करून नको, नवी बॅटरी मागा आणि ती बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या, तोंडी नको. फॉर्मवर व्हीआयएनही लिहायला लावा, म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी पापुद्रेवाली समोर उभी राहणार नाही. वॉरंटीची तारीख विचारलीत का?

नितळ

विचारली. डिलिव्हरीच्या दिवसापासून, लेखी देतोय. चहाही मिळाला.

सायलेंट_रीडर

पहिल्यांदाच लिहितेय. माझाही हाच प्रश्न आहे, पण इलेक्ट्रिक गाडीबाबत. तिथे बॅटरी दरवर्षी सुधारते म्हणतात. मग थांबावं का?

मीरा_क

त्यात बॅटरीची वॉरंटी, चार्जिंगचा वेग आणि सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार, हे सगळं येतं. वेगळा धागा काढा, तिकडे येते. आत्ताची गाडी किती चालते आणि घरी चार्जिंगची सोय आहे का, एवढं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.